सात बेटांची मुंबई आणि आपण
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



जोयड्यात उभे राहून मुंबईवर काय बोलायचे, असे कोणी विचारील. तर आपला उत्तर कन्नड जिल्हा 1862 साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी म्हैसूर राज्यात गेला. चौऱ्याण्णव वर्षे आपल्या सुपा भागाचे सरकार मुंबईला होते. तेव्हा विषय परका नाही.

मुंबई मुळात सात बेटे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून ती पोर्तुगीजांकडे गेली, 1661 च्या विवाह-तहाने इंग्लंडच्या राजाकडे, आणि 1668 मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आज तेवढ्यात तिथे एक वेळचे पार्किंग तरी मिळेल का, शंका आहे.

मी सिव्हिल डिप्लोमावाला, सरकारी नोकर. त्यामुळे गेटवे ऑफ इंडियापेक्षा मला भरावाचे कौतुक जास्त. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खाडीला अठराव्या शतकाच्या शेवटी बांध घातला, तो हॉर्नबी वेलार्ड. बांध पुन्हा पुन्हा खचत होता. मग रामजी शिवजी प्रभू या कारागिराला देवीचा दृष्टांत झाला, समुद्रातून मूर्ती काढल्यावर बांध टिकला, आणि महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. आता त्याच रस्त्यावरून एका बाजूला महालक्ष्मी दिसते, दुसऱ्या बाजूला समुद्रात हाजी अलीचा दर्गा. माहीम आणि वांद्र्यामधला रस्ता 1845 मध्ये झाला, तो अवाबाई जीजीभाई या पारशी बाईंच्या 1,57,000 रुपयांतून. तिथे समुद्र मागे सारला आणि बेटांचे शहर झाले. इथे काळी नदी अडवली, सुपा गाव पाण्याखाली गेले आणि डोंगरमाथ्यांची बेटे झाली. आपल्यातल्या ज्या घरांनी ते पाहिले, त्यांना बांधकामाची किंमत वेगळी सांगायला नको.

माणसांचे बोलू. मशीद बंदरजवळ 1796 साली बांधलेले ज्यू प्रार्थनालय आहे. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतले. टिपूच्या कैदेतून सुटले म्हणून नवस फेडला, असे सांगतात. आडनाव दिवेकर, घरची भाषा मराठी, धर्म यहुदी. कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो, आणि चाळीचे नाव मात्र एका गुजराती शेठचे. आधीचे कोळी तर वरळीच्या कोळीवाड्यात अजून आहेत.

पण मला सगळ्यात जवळचे वाटते ते माटुंगा. स्टेशनाबाहेर उडुपी हॉटेलांत केळीच्या पानावर जेवण, फुलबाजार, आणि गल्ल्यागल्ल्यांतून तमिळ आणि कन्नड. वडाळा आणि किंग्ज सर्कलला आपल्या कोकणी सारस्वतांचे गणपती. गल्ल्यावरचा माणूस माझ्याशी कन्नडात बोलला, पोऱ्याला मराठीत ओरडला, आणि फोनवर तुळूत. मुंबई महापालिकेने मराठीसह आठ भाषांत शाळा चालवल्या, त्यांत कन्नडही आहे. ते तिथे जसे, तसे आपण इथे. कचेरीत मी कन्नड लिहितो, बाजारात कोकणी बोलतो, घरी मराठी. शेजारी कुणबी, सिद्दी, गवळी, प्रत्येकाची बोली वेगळी. फरक एवढाच की माटुंग्याच्या त्या माणसाची नात कन्नड वाचते. आपल्या किती नातवंडांना आज या स्मरणिकेतले पान वाचता येईल? हात वर करायला सांगत नाही. घरी गेल्यावर त्यांच्यापुढे हे पान ठेवून बघा.

बालमित्रांनो, मुंबईला गेलात की मॉल शेवटी. आधी बोरीबंदरचे स्टेशन बघा. 16 एप्रिल 1853 ला तिथून ठाण्याला पहिली गाडी सुटली, सध्याची इमारत त्यानंतर काही दशकांनी झाली. मग वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव. आणि गेटवेहून लाँचने घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात, तिकीट काढताना वार पाहून घ्या.