उपवासातली साखर


कोलकात्याच्या बालीगंज सायन्स कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा विभाग आहे.
अशा विभागांत शिकवतात, तो एक धडा आज ऐकू या.

आपण निर्जळी एकादशी करतो.
तरी रक्तातली साखर टिकते.
ती यकृत पुरवतं.

यकृताच्या पेशीत साखरेचा साठा असतो.
तो सुटताना साखरेला फॉस्फेट चिकटतं.
अशी साखर पेशीबाहेर पडू शकत नाही.

म्हणून ती आधी पेशीतल्याच एका कप्प्यात शिरते.
कप्प्याच्या पटलातलं एक प्रथिन तिला आत घेतं.
तिथे एक विकर फॉस्फेट काढून टाकतं.
मग मोकळी साखर रक्तात उतरते.

पुन्हा सांगते.
आधी आत, मग बाहेर.

१९५२ साली गर्टी आणि कार्ल कोरी या शास्त्रज्ञांनी दाखवलं,
की काही आजारी मुलांच्या यकृतात हे विकर जवळजवळ नसतंच.
काहींमध्ये विकर असतं,
पण आत नेणारं प्रथिन बिघडलेलं असतं.
दोन्हीकडे साठा भरलेला,
यकृत वाढलेलं,
आणि रक्तात साखर अपुरी.

आईवडिलांसाठी हे फार कठीण असतं.
अशा बाळांना रात्रीही भरवावं लागतं.
थोडी मोठी झाली,
की डॉक्टरांच्या सल्ल्याने पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लॉवर देतात.
ते सावकाश पचतं,
आणि काही तास साखर पुरवत राहतं.