तीन बोटांचा धडा
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



न्यासाच्या शिवण व वीजकाम वर्गांना येणाऱ्या गरीब तरुण-तरुणींना दातांची निगा शिकवावी, असे आम्ही ठरविले तेव्हा काम सोपे वाटले होते. यांतले कोणी भैरूगडला कापड छापते, कोणी फ्रीगंजातील हॉटेलात राबते, कोणी रात्री रिक्षा चालविते. पहिल्या संध्याकाळी आम्ही दाताचे चित्र टांगून तासभर बोललो. फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा दात घासा, रात्रीचे घासणे चुकवू नका, गोड चहा वरचेवर पिऊ नका. मुलांनी आदराने ऐकले, बाहेर पडली, आणि सुपारीच्या पुड्या फोडल्या.

मग आम्ही सांगणे थांबवून विचारू लागलो. रिक्षावाल्याला झोप येऊ नये म्हणून पुडी लागते, छापणाऱ्याला दुपारची भूक मारण्यासाठी. प्रश्न पोटाचा होता, आणि आम्ही उत्तर दातांचे देत होतो!

मध्य प्रदेशात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. पण मसाला-सुपारीची पुडी वेगळी व तंबाखूची वेगळी घेऊन एकत्र केली, की झालाच गुटखा. नुसती सुपारीही निरुपद्रवी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली तीही कर्करोगकारक ठरविली. सुपारीने गालांचे आतले अस्तर ताठरते, तिखट झोंबू लागते, तोंड उघडेनासे होते. आलेला ताठरपणा पुरता जात नाही. मात्र सुपारी वेळीच सोडली तर पुढचा अनर्थ टळू शकतो.

म्हणून दुसऱ्या खेपेस चित्र आणलेच नाही. प्रत्येकाने आपली मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालावयाची, एवढेच सांगितले. हसत हसत सर्वांनी करून पाहिले. एका मुलाची दोनच बोटे गेली. वर्ग एकदम शांत झाला. त्याला आम्ही इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेले. आज त्याची पुडी सुटली आहे, खिशात फुटाणे असतात. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा दिसला की डॉक्टर गाठावा, हे आता तोच वस्तीत सांगत फिरतो.

एके दिवशी शिवणवर्गातील एका मुलीने विचारले, "काका, मग तुमच्या कार्यक्रमाच्या शेवटी पानसुपारी का वाटतात?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

शिंद्यांच्या काळापासून या क्षिप्राकाठी नांदणाऱ्या आपल्या घरांत पानसुपारी म्हणजे पाहुण्याचा मान. तो मान राखूच. सुपारी तेवढी वगळू. आज सभा संपताना तबकात बडीशेप व वेलदोडे दिसतील. वडीलधाऱ्यांनी कृपया रागावू नये. रागावायचेच झाले, तर आधी तीन बोटे तोंडात घालून पाहावीत, ही नम्र विनंती.