स्फटिकातले पाणी
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



महाराष्ट्रापासून इतक्या दूर, मराठीतून विज्ञान शिकलेले मूल पुढे मागे तर पडणार नाही ना, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत मला दरवर्षी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. आपली पटसंख्या घटते आहे, तीही बरीचशी याच धास्तीने. उत्तरादाखल आज नववीच्या वर्गातला एक धडाच आपल्यापुढे ठेवते.

प्रयोगशाळेतल्या बरणीत धुण्याच्या सोड्याचे काचेसारखे खडे आहेत. निसर्गात हेच खनिज ‘नेट्रॉन’ या नावाने आढळते. नखाने ओरखडा उठावा इतके ते मऊ. त्यात सोडियम कार्बोनेटच्या जोडीला पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. म्हणजे २८६ ग्रॅम खड्यांत तब्बल १८० ग्रॅम पाणी! हाताला कोरडा लागणारा खडा निम्म्याहून अधिक पाणी आहे, यावर मुले सहजी विश्वास ठेवीत नाहीत, ठेवूही नये. परीक्षानळीत खडा तापवला की नळीच्या गार कडेला थेंब जमतात. या पाण्याला आपली पुस्तके ‘स्फटिकजल’ म्हणतात. हा शब्द घोकावा लागत नाही, ऐकतानाच तो उमगतो. इंग्रजी परिभाषा नको, असे मी मुळीच म्हणत नाही. ती शेजारी लिहून द्यावीच लागते. पण आधी वस्तू कळावी.

कोरड्या हवेत या दहा रेणूंपैकी नऊ निघून जातात आणि खड्याची पांढरी भुकटी होते. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर तर तो स्वतःच्याच स्फटिकजलात विरघळू लागतो. म्हणून उष्ण प्रदेशात नेट्रॉन टिकणे कठीण. तेथे बहुधा त्याचे कमी पाण्याचे भावंड, ट्रोना, सापडते. आपल्या लोणारच्या सरोवराकाठीही ट्रोना मिळतो. आणि ज्याच्यावाचून उडदाचे पापड होत नाहीत, तो पापडखारही याच गोतातला.

नेट्रॉनचे प्रसिद्ध ठिकाण मात्र इजिप्तमध्ये, कैरोच्या वायव्येस, वादी नत्रून. तेथील खारी सरोवरे उन्हाळ्यात आटली की काठाशी हा क्षार साचतो. प्राचीन इजिप्तमध्ये मृतदेह कोरड्या नेट्रॉनमध्ये झाकून ठेवीत. क्षार देहातले पाणी शोषून घेई, म्हणून ममी टिकल्या. रोमन काळात वाळू कमी उष्णतेवर वितळावी यासाठी काचेच्या भट्टीत तो घालीत. सोडियमच्या संज्ञेत ‘एस’ न येता ‘एनए’ का, हा नववीचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर याच क्षारावरून पडलेल्या ‘नेट्रियम’ या लॅटिन नावात आहे.

काल सायंकाळी मुलांनी काही खडे तोलून बशीत, प्रयोगशाळेच्या खिडकीशी ठेवले आहेत. पावसाळ्यात हे काम रेंगाळते. आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात मात्र कडा एव्हाना पांढऱ्या पडल्या असतील. भोजनापूर्वी आपण सर्वांनी तेथे यावे. तराजू तिथेच आहे. वजन किती घटले आणि का, ते नववीची मुले आपल्याला सांगतील.