दारी आलेली सेवा



आम्ही बँकेत कारकून. गरजवंताने आमच्या खिडकीपाशी यावे, रांगेत उभे राहावे, ही आमची रीत. परंतु आठ दिवसांच्या बाळाला रांगेत उभे राहता येत नाही, बाळंतीण खोलीबाहेर पडत नाही आणि नवजात बालकांचे बहुतेक मृत्यू तर पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणून इथे सेवेनेच घरी गेले पाहिजे.

हे गडचिरोलीने सिद्ध करून दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांतील स्त्रियांनाच शिकवून आरोग्यदूत केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही कामे त्यांनी घरोघरी जाऊन केली. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. पुढे 2011 मध्ये हे काम देशभर आशाताईंकडे आले. दवाखान्यात प्रसूती झाल्यास 42 दिवसांत सहा भेटी, घरी झाल्यास सात. 2018 पासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटींची भर पडली.

मग अडते कुठे? अडते आपल्याच उंबरठ्यावर. आमच्या धाकट्या भावाला मुलगी झाली, तेव्हा आशाताई आल्या. “बाळ झोपलंय, दवाखान्यात सगळं झालंय,” असे सांगून आम्हीच त्यांना दारातून परत पाठविले. सुशिक्षित म्हणविणारे आम्ही! पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. झोळीत घालून वजन केले, तो ते जन्मवेळेपेक्षाही कमी. त्या भावजयीजवळ बसल्या, बाळाला छातीशी कसे धरावे हे दाखविले, बाटली बंद करायला लावली. त्यानंतरच्या भेटीत काटा पुढे सरकलेला पाहिला, तेव्हा आम्हाला मान वर करवेना.

विद्यार्थी मित्रहो, कालच गावाहून येऊन भाड्याच्या खोलीत राहिलेल्या कुटुंबाचे नाव आशाताईंच्या वहीत नसते. ते शेजारी म्हणून तुम्हाला ठाऊक असते. तिथे बाळ जन्मले की त्यांना कळवा. सभासद बंधू-भगिनींनो, त्यांना हात धुवायला साबण-पाणी द्या, बसायला चटई द्या, मनातल्या शंका विचारा.

दार उघडणे एवढेच आपले काम. ते आमच्याकडून एकदा चुकले. आपणांकडून चुकू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.