मदतीच्या पैशावर सरकारी पहारा

सरकारनें गरजू कुटुंबाला पैसे दिले, म्हणजे ते कशावर खर्चावेत हें सांगण्याचा अधिकारहि सरकारला मिळतो काय? ज्याचा पैसा त्याचा हुकूम, असें आपण चटकन् म्हणून जातों. परंतु ऑस्ट्रेलियानें हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला आहे. त्याची हकीकत विचार करण्याजोगी आहे.

२००७ सालीं तेथील नॉर्दर्न टेरिटरी प्रांतांतल्या आदिवासी वस्त्यांत सरकारी मदतीपैकीं निम्मी रक्कम राखून ठेवण्याचें ठरलें. दारू, तंबाखू यांवर ती खर्चतां येत नसे. मुलांच्या मुखीं अन्न पडावें हा हेतु खासच चांगला होता. परंतु जो निर्व्यसनी, त्यालाहि बंधन तेंच. आणि त्यासाठीं वंशभेदास मनाई करणारा १९७५ चा कायदा तेवढ्यापुरता बाजूस सारावा लागला. पुढें २०१६ मध्यें सिडूना वगैरे ठिकाणीं रोकडविरहित कार्ड आलें. त्यांत शेंकडा ८० रक्कम अडकून पडे. जुन्या बाजारांत स्वस्त वस्तु घ्यावयाची, मुलाच्या हातांत चार नाणीं द्यावयाचीं, तर रोखच हवी. गरिबाची काटकसर बहुधा रोखीनेंच चालते.

फळ काय मिळालें? समाजाचें नुकसान कमी झालें किंवा कसें, हें ठरविण्याजोगी पाहणीच नीट झालेली नाहीं, असा अभिप्राय २०१८ सालीं तेथील महालेखापरीक्षकांनीं दिला. आरंभीं मुलाला किती येत होतें याची नोंद नसेल, तर शेवटच्या गुणांवरून शिकवणीचें श्रेय कोण ठरविणार? मार्च २०२३ मध्यें हें कार्ड बंद झालें. कांहीं भागांत मात्र दुसऱ्या नांवाचें नियंत्रण पुढेंहि राहिलें.

बंधन सर्वथा वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. नातलगांच्या तगाद्यापासून पैसा वांचावा म्हणून एखादी गृहिणी आपण होऊन असें कार्ड मागेल, तर तें तिला जरूर द्यावें. परंतु सरसकट साऱ्यांवर तें लादणें म्हणजे एकाच्या व्यसनासाठीं दहांना शिक्षा करणें होय.

आपल्याकडे २०२४ सालीं लाडकी बहीण योजनेंत दरमहा १,५०० रुपये देण्याचें ठरलें, तेव्हां ‘ह्या बायका पैसे कशांत उडवितील?’ अशी शंका सुखवस्तु घरांतूनहि निघाली. शंका जरूर घ्यावी. परंतु पहारा बसविण्यापूर्वीं पुरावा मागावा, आणि जिच्या हातांत पैसा पडतो तिलाहि एकदां विचारावें.