शोधयंत्राला काय काय लागते?



मी साहित्य शिकवतो. तरी आज सर्व्हरविषयी बोलतो आहे, कारण वार्षिकाच्या जुन्या अंकांत शब्द शोधता यावेत यासाठी मागवलेले कोटेशन तपासण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले. त्यात 64 जीबी मेमरी आहे. मराठीचा उल्लेख एकदाही नाही.

प्रणाली आहे अपाचे सोलर. (छपरावरच्या सौर पॅनेलशी तिचा संबंध नाही.) ती विनामूल्य मिळते. तिच्या 9व्या आवृत्तीला जावा 11 किंवा त्यापुढचे लागते. मेमरीचा एक भाग जावासाठी राखायचा. तो मुळात 512 एमबी असतो, गरजेप्रमाणे वाढवता येतो. उरलेली मेमरी मोकळी सोडायची, कारण शब्दसूचीच्या फायली लिनक्स तिथेच हाताशी ठेवते. सगळी जावालाच दिली तर शोध उलट मंदावतो. डिस्कवर मात्र सूचीच्या दुप्पट-तिप्पट जागा हवी; सूचीचे तुकडे जोडताना जुनी आणि नवी प्रत काही काळ शेजारी राहते.

आता हिशेब पाहा. समजा 50 अंक, प्रत्येकी 200 पाने. पानावर 2,000 चिन्हे धरली आणि देवनागरीच्या दर चिन्हाला 3 बाइट, तर सगळा मजकूर 60 एमबी होतो. पानांची छायाचित्रे वेगळी. ती साध्या डिस्कवर राहतील. एवढ्या मजकुराला 8 जीबीचे यंत्र पुष्कळ झाले.

खरी अडचण पुढे आहे. 'माणूस' शोधला तर 'माणसाला', 'माणसांनी' सापडायला हवेत. आपले सामान्यरूप यंत्राला कोणी शिकवलेले नाही. सोलरसोबत हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, नेपाळी यांचे नियम तयार येतात. मराठीचे येत नाहीत. कोटेशन देणाऱ्याने फोनवर सांगितले, "सर, लिपी एकच आहे, हिंदीचे लावू." लावले तर 'कविता'तला 'ता' प्रत्यय समजून छाटला जातो आणि 'कवि' उरतो! 'घरात'मधला 'त' मात्र तसाच राहतो.

शिवाय 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अंक आहेत. तिथे 'नांव', 'कांहीं' असे छापले आहे. 'ऱ्य'मधला अर्धा 'र' वेगवेगळ्या संकेतांनी टंकता येतो. डोळ्यांना सारखा, यंत्राला निराळा. बडोदे, बडोदा, वडोदरा, इंदूर, इंदौर, बेळगाव, बेळगावी: आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्यांच्या लेखनात ही सगळी रूपे भेटतात. ही रूपे जुळवून देणारी यादी सोलर साध्या मजकूर-फायलीतून वाचते. तिला मेमरी लागत नाही, मराठी जाणणारा माणूस लागतो, आणि त्याचे काही महिने.

अनुदान मार्चअखेर खर्च व्हायचे आहे, म्हणून यंत्र आधी घेऊ, यादीचे नंतर पाहू, असा सूर बैठकीत होता. मी समितीला लेखी कळवले आहे: मेमरी 16 जीबीवर आणावी, आणि वाचलेल्या रकमेतून दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यादीच्या कामाचे मानधन द्यावे. पहिल्या दहा अंकांतले शब्द आम्ही विभागात वेचायला घेतले आहेत.