‘रीड द रायट ॲक्ट’ म्हणजे नक्की काय वाचायचं?

इअरफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. एक मित्र केबिनमधून बाहेर आला आणि म्हणाला, “सरांनी आज रायट ॲक्ट वाचून दाखवला रे!” मला वाटलं, पोलीस केस झाली की काय! तसं काही नव्हतं. तो रोज उशिरा यायचा, म्हणून सज्जड दम मिळाला होता. पुन्हा उशीर केलास तर नोकरी जाईल. ‘टू रीड द रायट ॲक्ट’ म्हणजे हेच.

पण यात ‘वाचणं’ कुठून आलं?

तर हा इंग्लंडमधला खराखुरा कायदा. १७१५ मध्ये लागू झाला. बारा किंवा जास्त माणसं जमून गोंधळ घालू लागली, की मॅजिस्ट्रेटने तिथे जाऊन राजाच्या नावाने एक ठरावीक मजकूर मोठ्याने वाचायचा: घरी जा. त्यानंतर लोकांना एक तास मिळायचा. तासाभराने जो तिथे सापडेल, त्याला थेट फाशीची शिक्षा होऊ शकायची! मजकूर शब्दशः वाचावा लागे. शेवटचं ‘गॉड सेव्ह द किंग’ राहिलं, म्हणून आरोपींची शिक्षा टिकली नाही, असंही घडलंय.

आता कल्पना करा, हजारोंच्या गर्दीत, माईक नसताना एक माणूस कागद वाचतोय. कुणाला ऐकू येणार?

१६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर साधारण ६० हजार लोक मतदानाचा हक्क मागायला जमले होते. त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं. किमान पंधरा जण मेले, शेकडो जखमी झाले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, आम्ही रायट ॲक्ट वाचला होता. लोक म्हणाले, आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. यालाच ‘पीटरलू’ म्हणतात.

विसाव्या शतकात कायदा रद्द झाला, वाक्प्रचार मात्र राहिला. वापरताना एवढं लक्षात ठेवा: आईची रोजची कटकट म्हणजे रायट ॲक्ट नव्हे. ‘आता बास, नाहीतर...’ अशी शेवटची ताकीद असेल तरच तो शोभतो.

आणि कधी तुमच्यावरच कुणाला ताकीद द्यायची वेळ आली, तर ती समोरच्यापर्यंत पोचली का, हे आधी बघा. नुसतं वाचून दाखवणं पुरत नाही.

भेटू पुढच्या भागात!